उबांगीच्या काठचा देश

आफ्रिका खंडाचा नकाशा पुढे पसरून त्याच्या मध्यावर बोट ठेवले, तर ते बहुधा मध्य आफ्रिका प्रजासत्ताक या देशावर पडते. उत्तरेस चाड, ईशान्येस सुदान, पूर्वेस दक्षिण सुदान, दक्षिणेस दोन्ही काँगो आणि पश्चिमेस कॅमेरून अशा सहा देशांनी त्यास चहूंकडून वेढले आहे. क्षेत्रफळ सुमारे ६,२३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या दुप्पट. वस्ती मात्र पन्नास-पंचावन्न लाखांची. एकट्या बेळगाव जिल्ह्यात जेवढी माणसे राहतात, त्यांहून फारशी अधिक नाही. भूमी विस्तीर्ण, पाऊस पुरेसा, नद्या मोठ्या, जमिनीच्या पोटात सोने आणि हिरे. आणि असे असूनही जगातील अत्यंत दरिद्री देशांच्या यादीत याचे नाव वर्षानुवर्षे तळाशी सापडते. हे कोडे उलगडायचे तर त्या देशाच्या मातीपासूनच आरंभ करणे बरे.

हा देश म्हणजे समुद्रसपाटीपासून सहाशे-सातशे मीटर उंचीचे एक लांबरुंद पठार होय. या पठारावर पडलेला पाऊस दोन दिशांनी वाहून जातो. उत्तरेकडील पाणी शारी नदीतून चाडच्या सरोवराला मिळते, तर दक्षिणेकडील पाणी उबांगी नदीतून महानद काँगोला. फ्रेंच अमलात या प्रांताचे नावच मुळी ‘उबांगी-शारी’ असे होते. नैर्ऋत्येच्या कोपऱ्यात सूर्यप्रकाश जमिनीपर्यंत पोहोचू न देणारे घनदाट अरण्य आहे. तेथील झांगा नावाच्या मोकळ्या पाणथळ जागी रानहत्तींचे कळप क्षारांसाठी जमतात. मध्यभागी उंच गवताची झाडोऱ्याची माळराने, आणि उत्तरेस रुक्षता वाढत जाते. राजधानी बांगी हे शहर फ्रेंचांनी १८८९ साली उबांगीच्या खळाळाजवळ वसविले. तेथून सुमारे शंभर किलोमीटरांवर बोआली येथे म्बाली नदीचा पन्नास मीटर उंचीचा धबधबा असून त्याच्याच बळावर राजधानीतील दिवे लागतात.

माती तांबडी. गोव्यातील आणि आपल्या घाटमाथ्यावरील जांभ्याची जी जात, तीच तेथेही आहे. जांभ्याच्या रस्त्यावर मृग कोसळल्यावर भरलेल्या गाडीची काय दशा होते, हे आमच्या शेतकरी वाचकांस सांगावयास नको. तेथे यावर सरकारी तोड अशी की, पाऊस सुरू झाला की रस्त्यावर आडवा दांडा टाकून मालमोटारी थांबवून ठेवावयाच्या. पाऊस उघडून रस्ता वाळेपर्यंत चालक, माल, कोंबड्या आणि उतारू सारे त्या दांड्याजवळ बसून राहतात. देशात आगगाडी नाहीच. जवळचे मोठे बंदर म्हणजे कॅमेरूनमधील डुआला, आणि ते बांगीपासून चौदाशे किलोमीटरांहून अधिक दूर! दुसरी वाट उबांगीची. पाणी भरपूर असेल त्या महिन्यांत होड्या सुमारे बाराशे किलोमीटर खाली ब्राझाव्हिलपर्यंत जातात, आणि तेथून माल रेल्वेने समुद्राकडे न्यावा लागतो. नदीचे पाणी उतरले की तीही वाट बंद होते. मीठ, सिमेंट, रॉकेल या वस्तू अशा वाटांनी गावापर्यंत येईतो त्यांची किंमत किती चढत असेल, याची कल्पनाच करावी.

लोक अनेक जमातींचे आहेत. पश्चिमेस ग्बाया, मध्यभागी व पूर्वेस बांडा, शिवाय मांजा, सारा, म्बुम, नदीकाठचे याकोमा, गुरे घेऊन फिरणारे म्बोरोरो, आणि अरण्यात शिकार करून व मध गोळा करून राहणारे आका. आका लोकांच्या बहुसुरी गायनाची कीर्ती जगभर गेली असून २००३ साली युनेस्कोने त्यास मानवजातीच्या वारशात स्थान दिले. आफ्रिकेतील बहुतेक देशांत जे भाग्य दिसत नाही ते येथे आहे: जमाती पुष्कळ, परंतु सर्वांस समजणारी भाषा एक. ती सांगो. नदीकाठच्या नावाडी व व्यापारी लोकांत ती पसरली, मिशनरी फादरांनी ती प्रार्थनेसाठी व धर्मशिक्षणासाठी घेतली, आणि आज ती फ्रेंचच्या जोडीने राजभाषा आहे. भाषा एक असली म्हणजे माणसे भांडत नाहीत असे नाही, हेही तेथेच दिसून आले. पण ते पुढे.

त्यांचे मुख्य अन्न कसावा. आपल्याकडे ज्या कंदापासून शाबूदाणा काढतात तोच हा. पोर्तुगीज गलबतांनी जसा ब्राझीलचा काजू आपल्या गोव्यास आणला, तसाच हा कंद आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यास नेला. तेथून आत उबांगीपर्यंत पोहोचण्यास त्यास शतके लागली. कडू जातीच्या कंदात विष असते. म्हणून बायका तो सोलून तीन-चार दिवस पाण्यात भिजत घालतात, उन्हात वाळवितात, उखळात कुटून पीठ चाळतात आणि उकळत्या पाण्यात ते पीठ ढवळून नाचणीच्या उकडीसारखा घट्ट गोळा करतात. यास ‘गोझो’ म्हणतात. कसाव्याचा कोवळा पाला भुईमुगाच्या कुटाबरोबर शिजवला की झाले कालवण. पावसाळ्यात अरण्यभागात झाडांवरच्या सुरवंटांचा हंगाम येतो. आपणांस ऐकून शिसारी येईल, पण मांस दुर्मीळ असलेल्या घरी मुलांच्या अंगी लागणारे ते पौष्टिक अन्न आहे. घाईघाईत पुरता न भिजवलेला कसावा पोटात जात राहिला, तर पाय कायमचे लुळे पडण्याचा विकार होतो. लढाईच्या काळात, जेव्हा तीन दिवस एका ठिकाणी थांबण्याची सोय नसते, तेव्हा या विकाराचे भय वाढते.

आता इतिहासाकडे वळू. १८९९ साली फ्रेंच सरकारने हा मुलूख तुकडे पाडून खाजगी कंपन्यांच्या स्वाधीन केला. कंपन्यांस रबर आणि हस्तिदंत हवे होते. गावोगावचे पुरुष अरण्यात धाडले जात. ठरलेले रबर भरले नाही तर बायकामुलांस ओलीस धरीत. पुढे काँगोतील रेल्वेच्या कामावर हजारो मजूर सक्तीने नेले, त्यांतील पुष्कळ परत आलेच नाहीत. १९२५-२६ साली फ्रेंच लेखक आंद्रे जीद यांनी या भागातून प्रवास करून हे सारे आपल्या देशबांधवांपुढे मांडले, तेव्हा पॅरिसमध्ये खळबळ उडाली. १९२८ साली कार्नू नावाच्या पुढाऱ्याच्या शब्दावर ग्बाया लोक उठले. त्या उठावास ‘कुदळीच्या दांड्याची लढाई’ म्हणतात. कार्नू त्याच वर्षी मारला गेला, तरी उठाव १९३१ पर्यंत धुमसत राहिला.

याच काळात बार्थेलेमी बोगांडा हा मुलगा वाढत होता. जन्म १९१० चा, लोबाये भागातील बोबांगी गावी. त्याची आई रबर कंपनीच्या पहारेकऱ्यांच्या मारहाणीस बळी पडली. अनाथ मुलास मिशनरींनी वाढविले, शिकविले, आणि १९३८ साली त्यास गुरुदीक्षा मिळाली. उबांगी-शारीतील तो पहिला आफ्रिकी धर्मगुरू होय. १९४६ साली बोगांडा फ्रेंच संसदेत निवडून गेले. पुढे त्यांनी गुरुपद सोडून विवाह केला. त्याविषयी आम्ही येथे भाष्य करीत नाही. परंतु त्यांनी आपल्या पक्षापुढे ठेवलेली पाच कामे धर्मशिक्षणाच्या पुस्तकातून उचलल्यासारखी आहेत: लोकांस खाऊ घालणे, वस्त्र देणे, बरे करणे, शिकविणे आणि निवारा देणे. सांगो भाषेतील त्यांचे एक वचन आजही तेथील मुलांच्या तोंडी आहे, ‘झो क्वे झो’, म्हणजे प्रत्येक माणूस माणूसच आहे. १ डिसेंबर १९५८ रोजी त्यांनी प्रजासत्ताकाची घोषणा केली आणि २९ मार्च १९५९ रोजी विमान अपघातात त्यांचा अंत झाला. १३ ऑगस्ट १९६० रोजी स्वातंत्र्य आले, तेव्हा ज्याने ते मागितले तो नव्हता.

त्यानंतरची कथा लवकर सांगून टाकावी अशीच आहे. १९६५ च्या अखेरच्या रात्री बोकासा या सेनाधिकाऱ्याने सत्ता बळकावली. पुढे त्याने स्वतःस सम्राट म्हणवून ४ डिसेंबर १९७७ रोजी नेपोलियनच्या थाटात राज्याभिषेक करून घेतला. १९७९ साली शाळकरी मुलांवर हत्यारे चालविल्यानंतर फ्रान्सनेच त्यास खाली खेचले. त्याच फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष जिस्कार देस्तँ यांस त्याने हिरे नजर केल्याचे प्रकरण मग वृत्तपत्रांत गाजले.

हिऱ्यांची गोष्ट निघाली, तेव्हा आरंभीच्या कोड्याकडे येऊ. या देशात पिकते काय? उत्तरेकडे कापूस, दक्षिणेस कॉफी, अरण्यात सापेलीसारखे उत्तम लाकूड, आणि घरोघरी कसावा, भुईमूग, तीळ. हा सारा माल वजनदार आहे. रस्ता असेल तरच त्यास किंमत. कापसाचा गाठोडा डोक्यावर घेऊन कोणी चौदाशे किलोमीटर चालत नाही. हिरा मात्र मुठीत मावतो. नदीकाठी खड्डे खणून, खडी चाळणीत धुऊन तो हाताने काढतात, यंत्रे थोडीच. खणणाऱ्यास सावकार दोन वेळचे अन्न आणि पहार-फावडे देतो, आणि हाती लागलेला खडा सावकार म्हणेल त्या भावाने जातो. पुढे तो कोणत्याही पायवाटेने सीमेपार होतो, आणि सरकारी खजिन्यास त्याची गंधवार्ताही लागत नाही. ज्या संपत्तीने रस्ते, शाळा, दवाखाने मागून घेतले असते ती शेतात अडकून पडली, आणि जिला रस्त्याची गरजच नाही तीवर बंदूकवाल्यांची नजर गेली. आमच्या मते त्या देशाच्या दारिद्र्याचे मूळ बव्हंशी येथेच आहे. बहुसंख्य घरांत वीज नसताना २०२२ साली तेथील सरकारने संगणकावरील बिटकॉइन या चलनास कायदेशीर मान्यता दिली, आणि पुढच्याच वर्षी ती काढूनही घेतली. रस्ता करणे त्यापेक्षा कठीण काम आहे!

मार्च २०१३ मध्ये ईशान्येकडून आलेल्या, बहुतांशी मुसलमान अशा ‘सेलेका’ टोळ्यांनी बांगी घेतली आणि लूट आरंभिली. त्यांच्या विरोधात ‘अँटी-बलाका’ टोळ्या उठल्या आणि त्यांनी निरपराध मुसलमानांवर सूड उगविला. वृत्तपत्रांनी यांस ख्रिस्ती सेना म्हटले. तेथील बिशपांनी ते नाव स्पष्ट शब्दांत नाकारले. भांडण सत्तेचे, हिऱ्यांच्या खाणींचे आणि गुरांच्या चराईच्या वाटांचे होते. धर्माचे नाव त्यास मागाहून चिकटले. हिऱ्यांच्या निर्यातीवर जगाने त्याच वर्षी बंदी घातली. ती २०२४ च्या नोव्हेंबरात पूर्णपणे उठली.

त्या भयंकर डिसेंबरात बांगीचे आर्चबिशप द्यूदोने न्झापालाइंगा यांनी इमाम ओमर कोबिने लायामा यांस कुटुंबासह आपल्या निवासस्थानी आणून ठेवले, आणि ते तेथे कित्येक महिने राहिले. इव्हँजेलिकल पंथाचे पाळक निकोलास गेरेकोयामे यांच्यासह हे तिघे गावोगाव एकत्र फिरले. इमामाशेजारी आर्चबिशप उभा पाहून लोकांनी काय करावयाचे ते ज्याचे त्याने ठरवावे, एवढाच त्यांचा उपदेश. बोसेमतेले येथील मिशन इस्पितळात फादर बर्नार्ड किन्वी यांनी शेकडो मुसलमानांस आसरा दिला. २९ नोव्हेंबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी दयेच्या वर्षाचे पवित्र द्वार रोमच्याही आधी बांगीच्या कॅथेड्रलमध्ये उघडले, आणि दुसऱ्या दिवशी ते तेथील मशिदीत गेले. न्झापालाइंगा २०१६ साली कार्डिनल झाले. इमामसाहेब २०२० साली वारले.

या लढाईत देशातील दर पाच माणसांत एकास घर सोडावे लागले. कोणी अरण्यात लपले, कोणी कॅमेरून वा चाडमध्ये गेले. त्यांतील पुष्कळ परतले आहेत, पुष्कळ परतावयाचे आहेत. परत आलेल्या कुटुंबाच्या हाती आधी भुईमूग येतो, कारण तो चार महिन्यांत होतो. कसाव्याच्या काड्या त्याच पावसात रोवतात. परंतु त्या कंदास जमिनीत पोसण्यास वर्ष ते दीड वर्ष लागते, आणि तोवर त्या कुटुंबास त्याच गावी राहता आले पाहिजे.