नावं ठेवणारे आणि नाव घेणारा

'गेम ऑफ थ्रोन्स'मधली लव्हस्टोरी म्हटलं की बहुतेक सगळे जॉन स्नो आणि डेनेरिसवर घसरतात. आमचा ग्रुप मात्र पहिल्यापासून वेगळ्याच जोडीच्या मागे वेडा. जेमी लॅनिस्टर आणि ब्रिएन ऑफ टार्थ! दोघंही चिलखतातले, दोघंही तलवारीचे पक्के, आणि शेवटच्या एपिसोडपर्यंत एकमेकांना एकदाही 'आय लव्ह यू' न म्हणणारे.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. (स्पॉयलर आहेत. पण 2019 मध्ये संपलेल्या मालिकेचे स्पॉयलर ते काय!) जेमी म्हणजे देखणा, गर्भश्रीमंत, माजोरडा सरदार. ज्या राजाचं रक्षण करायची शपथ घेतली, त्याच राजाला यानं मारलेलं. त्यामुळे सगळं जग त्याला 'राजघातकी' म्हणतं. त्यात सख्ख्या जुळ्या बहिणीशी लफडं. ब्रिएन ही एका सरदाराची एकुलती एक मुलगी. आडदांड, भरपूर उंच, लोकांच्या हिशेबानं कुरूप. तिला तलवार चालवायचीय, सरदार व्हायचंय. पण त्या जगात बाईला सरदारकी मिळत नाही. लोक तिला टोमणा म्हणून 'सुंदरी' म्हणतात. या 'सुंदरी'वर त्या राजघातक्याला कैदी म्हणून राजधानीपर्यंत पोचवायची जबाबदारी येते, आणि तिथून पुढे सगळी मजा.

आता ही गोष्ट मला एवढी का लागते? कारण माझी उंची पाच फूट दहा इंच आहे.

हसू नका. कोल्हापुरात पाच-दहा उंचीची मुलगी म्हणून वाढणं हा फुलटाइम जॉब आहे. शाळेत 'शिडी', कॉलेजात 'जिराफ', रिक्षावाल्यांसाठी 'ओ उंच ताई'. ग्रुप फोटोत कायम मागच्या रांगेत, तेही गुडघे वाकवून. आणि आता अठ्ठाविशीत बायोडेटाचा सीझन सुरू आहे. आत्यानं माझा बायोडेटा हातात घेतला आणि पहिली दुरुस्ती सुचवली, ''पाच-दहा? अगं पोरगा मिळायचा कुठला? पाच-सात लिव्ह की. कोण टेप घिऊन येतंय मोजायला?''

शिक्षण, काम, कुठं-कुठं लेख छापून आले, यातल्या कशावरच तिची नजर थांबली नाही. थांबली ती त्या एका आकड्यावर.

म्हणून मला ब्रिएनचे 'बघण्याचे कार्यक्रम' तोंडपाठ आहेत. हो, तिचेही झाले होते! मालिकेत हा भाग फारसा येत नाही, पण जॉर्ज मार्टिनच्या पुस्तकांत आहे. तिची तीन लग्नं ठरली आणि तिन्ही मोडली. पहिला मुलगा लहानपणीच वारला. दुसऱ्यानं तिला पाहिलं, हातात एक गुलाब ठेवला आणि माझ्याकडून तुला एवढंच मिळेल, असं सांगून चालता झाला. तिसरा पासष्ट वर्षांचा म्हातारा. लग्नानंतर नीट बाईसारखी वागली नाहीस तर सरळ करीन, म्हणाला. यावर ब्रिएननं अट घातली, आधी मला लढाईत हरवून दाखवा. म्हातारबुवा चिलखत घालून उतरले आणि बरगड्या मोडून घेऊन परत गेले. (हा भाग मी आत्याला सांगितला. ती म्हणाली, ''मग बसली का न्हाई तशीच?'')

मराठीत दोन वाक्प्रचार आहेत. दिसायला सख्खे भाऊ, पण अर्थानं एकदम उलटे. एक 'नावं ठेवणं' आणि दुसरा 'नाव घेणं'. नावं ठेवायला कुणीही चालतं. शेजारी, नातेवाईक, रस्त्यावरचं पोरगं, कुणीही. नाव घेणं मात्र खास. आपल्या आज्या आजोबांचं नाव एरवी कधी उच्चारायच्या नाहीत, उखाण्यात तेवढं लाजत-लाजत घ्यायच्या. एवढंसं नाव, पण त्यासाठी भरल्या मांडवात दोन ओळींचं यमक जुळवायला लागायचं!

जेमी-ब्रिएनची सगळी स्टोरी या दोन वाक्प्रचारांच्या मधली आहे असं मला वाटतं.

दोघांनाही जगानं नावं ठेवलेली. ती 'सुंदरी', तो 'राजघातकी'. पुस्तकात प्रवासाच्या सुरुवातीला जेमी तिला सतत 'ए बाई' छापाचं काहीतरी म्हणून डिवचतो, आणि ती दर वेळी न कंटाळता सांगते, माझं नाव ब्रिएन आहे. किती साधी मागणी! प्रेम नको, कौतुक नको, नावानं हाक मार.

मग वाटेत दोघं पकडले जातात. सैनिक रात्री तिच्यावर हात टाकणार, तेवढ्यात जेमी थाप मारतो. हिच्या बेटावर नीलमच्या खाणी आहेत, हिला धक्का लागला नाही तर हिचा बाप तुम्हाला हिच्या वजनाइतके नीलम देईल! टार्थ बेटावर असं काहीएक नसतं. ती वाचते आणि त्याच रात्री त्याचा तलवारीचा हात मनगटापासून तोडला जातो. यानंतर येतो तो प्रसिद्ध हमामखान्याचा सीन. 2013 साली, तिसऱ्या सीझनमध्ये. तापानं फणफणलेला जेमी तिला पहिल्यांदाच सांगतो की त्यानं राजाला का मारलं. राजा सगळं शहर लोकांसकट जाळायला निघाला होता म्हणून. इतक्या वर्षांत त्याला कुणी कारण विचारलंच नव्हतं. बोलता-बोलता तो कोसळतो. ती त्याला सावरत ओरडते, राजघातक्याला मदत करा कुणीतरी! आणि तो पुटपुटतो, माझं नाव जेमी आहे.

म्हणजे बघा ना, आता तीच मागणी त्याची. माझ्या मते या दोघांचं प्रेम त्या क्षणाला जमलं. बाकी सगळं नंतरचं.

पुढे तो तिच्यासाठी परत फिरतो, एका हातानं अस्वलाच्या खड्ड्यात उडी घेतो. तिला स्वतःची तलवार देतो, मापाचं चिलखत करून देतो. (मापाचं! उंच मुलींनो, यातला रोमान्स तुम्हालाच कळेल. मला अजून बाहीची लांबी बरोबर असलेला रेडिमेड कुर्ता मिळालेला नाही.) काही वर्षांनी दोघं एका वेढ्यात समोरासमोर येतात, तेव्हा ती तलवार परत करू बघते. तो म्हणतो, ती तुझीच आहे, कायम तुझीच राहील. दोघंही तलवारीबद्दल बोलत असतात, आणि दोघंही तलवारीबद्दल बोलत नसतात.

पुस्तकातला एक प्रसंग मात्र मालिकेनं घेतला नाही, याची मला जाम हळहळ वाटते. तो गुलाबवाला मुलगा आठवतोय? वर्षांनंतर तो जेमीसमोर ब्रिएनची टिंगल करतो. जेमी आपल्या सोन्याच्या हाताचा असा ठोसा लगावतो की पठ्ठ्या पायऱ्यांवरून गडगडत खाली! आणि वरून बजावतो, तिचं नाव घेऊन बोल. ब्रिएन तिथं नसतेच. हे तिला कळणारही नसतं. प्रेमाची याहून चांगली टेस्ट मला तरी माहीत नाही. आपण नसताना आपलं नाव कसं घेतलं जातं, ही.

यानंतर तो सीन, ज्यासाठी हा सगळा लेख. तारीख 22 एप्रिल 2019, सोमवार, सकाळी साडेसहा. कोल्हापुरात दुसऱ्या दिवशी लोकसभेचं मतदान होतं, प्रचार थांबलेला, शहर जरा शांत. मी तेव्हा मासकॉम करत होते. राजारामपुरीतल्या एका मैत्रिणीच्या खोलीवर चौघी जणी, एक लॅपटॉप, चौघींत मिळून एक हॉटस्टार अकाउंट. आठव्या सीझनचा दुसरा एपिसोड. मृतांचं सैन्य चालून येतंय, उद्या सगळे मरणार हे पक्कं, आणि त्या रात्री सात-आठ... नाही, मोजून सहा जण शेकोटीभोवती बसलेत. जेमी त्याआधीच ब्रिएनला सांगून बसलाय की तुझ्या हाताखाली लढायला मिळालं तर माझा मान समजेन. गप्पांत विषय निघतो, बाईला सरदार का होता येत नाही? ब्रिएन म्हणते, मला व्हायचंच नाही. (आपण सगळ्याच जणी हे कधी ना कधी म्हटलंय. नको त्या प्रमोशनबद्दल, नको त्या माणसाबद्दल.) जेमी उठतो. सरदार करायला राजा लागत नाही, कुठलाही सरदार दुसऱ्याला सरदार करू शकतो, म्हणतो. ती गुडघ्यावर बसते. तो तलवार तिच्या दोन्ही खांद्यांना टेकवतो आणि तिचं पूर्ण नाव घेऊन तिला उठायला सांगतो. आता ती 'सर ब्रिएन'.

ती हसते. एवढ्या सीझनमध्ये अशी कधीच हसलेली नसते.

आमच्या खोलीत पिनड्रॉप सायलेन्स. मग एकीनं नाक पुसत डायलॉग टाकला, ''झालं! आता ही पण आपल्यासारखीच 'मी आलो' म्हणणार!''

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी खुलासा. कोल्हापूरच्या मुली 'मी आले' म्हणत नाहीत. आम्ही 'मी आलो', 'मी जातो', 'मी बघतो की' म्हणतो. पुण्याच्या ऑफिसांत गेल्यावर यावरून आमची यथेच्छ चेष्टा होते. पण त्यामुळे एका बाईला 'सर' म्हणण्यात आम्हाला काहीच विचित्र वाटलं नाही. ज्या गावाच्या कावळा नाक्यावर ताराराणी घोड्यावर बसून हातात तलवार घेऊन उभी आहे, त्या गावाला कसलं नवल? सेनापती हंबीरराव मोहित्यांची ही लेक 1700 ते 1707 अशी सात वर्षं औरंगजेबाशी झुंजली. शिवजयंतीच्या मिरवणुकीत मर्दानी खेळाच्या पोरी दांडपट्टा फिरवतात, तेव्हा टाळ्या वाजवणारं हेच गाव. फक्त तीच पोरगी लग्नाला उभी राहिली की टेप बाहेर येते!

चौथ्या एपिसोडमध्ये मालिकेनं ते करून टाकलं, ज्याची सगळे वाट बघत होते. दारू, तिची खोली, एक रात्र. आणि मग तो बहिणीकडे परत निघाला. थंडीत, अंगणात, घरच्या कपड्यांत ब्रिएन रडत त्याला थांबवतेय आणि तो घोड्यावर बसून जातोय. नेटवर लोक जाम भडकले. आम्हीही भडकलो. मला तर वाटलं, न बोललेलं होतं तेच बरं होतं, बोलले आणि वाट लागली.

आता इतक्या वर्षांनी मला तसं वाटत नाही. न बोलण्याचं आपल्याकडे उगाच फार कौतुक होतं. आमच्याच वसगड्यात शूट झालेल्या 'तुझ्यात जीव रंगला'तला राणादा मनातलं सांगताना लाजून चूर व्हायचा, आणि घरोघरी सगळ्या फिदा. पडद्यावर गोड वाटतं. खऱ्या आयुष्यात न बोलण्याचा अर्थ बऱ्याचदा एवढाच असतो की जात आडवी येतेय, घरचे आडवे येतायत, नाहीतर समोरच्याला उत्तर द्यायचं नाहीये. जेमी-ब्रिएनचं न बोलणं तसलं नव्हतं. त्यांनी एकमेकांना जे द्यायचं ते सगळं आधीच दिलं होतं. नाव, तलवार, मान, सरदारकी. तो गेला तरी तिची सरदारकी त्याच्याबरोबर गेली नाही. रडून झाल्यावर ती 'सर ब्रिएन'च होती.

आता माझं. माझ्यासोबत असाइनमेंटला येणारा एक फोटोग्राफर आहे. उंची पाच-सात. (त्याचं नाव छापणार नाही. लेख नाव घेण्याबद्दल असला म्हणून काय झालं!) कुठंही गेलो, समोरचा माणूस सवयीनं त्याच्याशीच बोलायला लागतो. तो शांतपणे माझं नाव-आडनाव सांगतो आणि म्हणतो, ''स्टोरी यांची आहे, मी फक्त फोटो काढतो.'' दोन वर्षं झाली. आमच्यात यापलीकडे काही बोलणं झालेलं नाही. गेल्या महिन्यात कळलं, मी नसताना एका ठिकाणी कुणीतरी 'ती लंबू कुठाय?' विचारलं, तर यानं फक्त माझं नाव उच्चारून उत्तर दिलं. ठोसा वगैरे नाही. कोल्हापूर असलं तरी!

आता पुण्याहून त्याला नोकरीचा कॉल आलाय. मी बोलावं की नाही, हा प्रश्न आहे. ब्रिएन असती तर नसती बोलली. पण ही भूमिका करणाऱ्या सहा फूट तीन इंचांच्या ग्वेंडोलिन क्रिस्टीचा किस्सा मला जास्त उपयोगी वाटतो. 2019 च्या एमी पुरस्कारांसाठी चॅनलनं तिचं नाव पाठवलंच नाही. तिनं 225 डॉलर फी स्वतःच्या खिशातून भरून स्वतःच स्वतःचं नाव दिलं, आणि नॉमिनेशन मिळवलं! कुणी नाव घेईल म्हणून थांबायचं किती, यालाही लिमिट असते. त्यामुळे बायोडेटावर पाच-दहाच राहणार. आणि पुण्याच्या गाडीत बसण्याआधी त्याला एकदा पहिल्या नावानं, 'अहो'शिवाय हाक मारणार. पुढचं पुढे.

शेवटच्या एपिसोडमध्ये ब्रिएन राजाच्या रक्षकदलाची प्रमुख होते. दलातल्या प्रत्येक सरदाराच्या कामगिरीची नोंद असलेला एक जाडजूड ग्रंथ तिच्या ताब्यात येतो. जेमीचं पान निम्मं कोरं असतं. त्यावरून त्याला हिणवलेलंही. ती दौत-लेखणी घेऊन बसते आणि ते पान भरते. त्यानं काय-काय केलं, कुठं लढला, हात गमावला, कसा मेला. त्यात स्वतःचं नाव ती कुठंच घालत नाही. शाई वाळायच्या आत तिनं पुस्तक मिटलं, यावरून भरपूर जोक झाले. मला मात्र तो उखाणा वाटला. यमकाशिवायचा, मांडवाशिवायचा. ज्या माणसाला सगळ्या जगानं नावं ठेवली, त्याचं नाव तिनं नीट, सगळ्या कामगिरीसकट, पक्क्या शाईत घेतलं.