मनगटातला गिअर

मी नवी सायकल घेणार म्हटल्यावर बाबांनी साताऱ्याहून व्हिडिओ कॉलवर एकच प्रश्न विचारला, "गिअर हातात आहे की पायात?" हातात, असं सांगितल्यावर त्यांचं समाधान झालं. "मग आपल्या चेतकसारखाच," म्हणाले आणि चहा प्यायला गेले. मी इकडे एर्लांगनच्या स्वयंपाकघरात हसत बसले, कारण हातात म्हणजे नक्की कुठे, मनगटात की अंगठ्यात, यावर आमच्या घरात तीन आठवडे वाद चालू होता.

ज्यांच्या घरी माउंटन बाईक नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते (मास्तरीण होते, सवय जात नाही). गिअर बदलायच्या दोन तऱ्हा आहेत. एकीत हँडलची मूठच फिरते. तिला इथे ड्रेहग्रिफ म्हणतात. मूठ आपल्याकडे फिरवली की चेन मागच्या मोठ्या चकतीवर जाते आणि पायडल हलकं होतं, पलीकडे फिरवली की जड. दुसऱ्या तऱ्हेत मूठ जागची हलत नाही. हँडलखाली दोन कळा असतात. मोठी कळ अंगठ्याने ढकलली की पायडल हलकं, छोटी दाबली की जड. या दुसरीला ट्रिगर म्हणतात आणि दुकानात उभ्या असलेल्या जवळजवळ सगळ्या नव्या माउंटन बाईकना हल्ली तीच असते.

वादाचं मूळ माझ्या उजव्या अंगठ्यात होतं. धाकटी झाल्यावर तिसऱ्या महिन्यात अंगठ्याच्या मुळाशी दुखायला लागलं. बाळाला काखेत हात घालून उचललं की डोळ्यांत पाणी यायचं. डॉक्टरांनी अंगठा मुठीत मिटून मनगट करंगळीकडे वाकवायला सांगितलं, मी तिथल्या तिथे ओरडले, निदान झालं. फ्रिट्झ द केर्व्हां नावाच्या स्विस शल्यविशारदाने १८९५मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं म्हणून ते त्याच्या नावाने ओळखलं जातं. पट्टा, इंजेक्शन, व्यायाम सगळं झालं. अंगठा बरा झाला, पण भरवशाचा राहिला नाही. कणीक तिंबते, बरणीचं झाकण मात्र नवऱ्याकडे देते.

दर रविवारी नवरा आणि थोरला माइलवाल्डच्या जंगलात सायकली घेऊन जायचे आणि मी धाकटीला घेऊन घरी. धाकटी आता चार वर्षांची झाली, रविवारी तिच्या मैत्रिणीकडे आनंदाने जाते. म्हणजे घरी थांबायला माझ्याकडे कारण उरलं नव्हतं, अंगठा सोडून.

एर्लांगनमध्ये सायकल न चालवणं म्हणजे पंढरपुरात राहून वारी न बघणं. डिटमार हालवेग हे १९७२ ते १९९६ अशी चोवीस वर्षं इथले महापौर होते, त्यांनी सायकलींना रस्ते करून दिले आणि गावाला ती सवयच लागली. मी आल्या आल्या एक जुनी, सात गिअरची शहरी सायकल घेतली. पहिल्याच दिवशी पडले. साताऱ्यात आपण पायडल रिकामं उलटं फिरवत मजेत जातो ना, तसं केलं, तर इथे पायडल उलटं केलं की ब्रेक लागतो! भर चौकात मी आडवी, आणि एक आजी अतिशय शांतपणे माझी मेथीची जुडी उचलून देत होत्या.

त्या ब्रेकचं माहेर मला या उन्हाळ्यात भेटलं. आम्ही बाम्बर्ग ते श्वाइनफुर्ट सायकलने गेलो, साठ-पासष्ट किलोमीटर, मुलांमुळे दोन दिवस लावून. आमच्याच गावची रेग्निट्झ बाम्बर्गच्या पुढे माइन नदीला मिळते, तिथून सायकलमार्ग नदीची संगत सोडत नाही. त्साइलच्या आसपास उतारांवर द्राक्षमळे लागतात. मुक्काम हासफुर्टला. रस्ता सपाट, गिअरला काम नाही. मी सातपैकी तीनच वापरले असतील.

श्वाइनफुर्ट हे पर्यटकांचं गाव नव्हे. बॉल बेअरिंगचं गाव आहे, म्हणूनच दुसऱ्या महायुद्धात त्याच्यावर पुन्हा पुन्हा बॉम्ब पडले. फ्रीडरिश फिशरने १८८३मध्ये इथे पोलादी गोळ्या एकसारख्या गोल घासणारं यंत्र बनवलं. एर्न्स्ट झाक्स हा सायकलशर्यतींचा वेडा माणूस. त्याने १८९५मध्ये फिश्टेलबरोबर कारखाना काढला आणि १९०३मध्ये 'टॉर्पेडो' हब बाजारात आणला. तोच, पायडल उलटं केलं की थांबणारा. मला पाडणाऱ्याचं नाव कळायला इतकी वर्षं लागली.

आणि इथेच माझ्या वादाचा धागा सापडला. शिकागोच्या स्रॅम कंपनीने १९८८मध्ये फिरत्या मुठीचा 'ग्रिप शिफ्ट' काढला, त्याच्यावरच ती उभी राहिली, आणि १९९७मध्ये तिने झाक्सचा सायकलविभाग विकत घेतला. मूठ फिरवणारे आणि टॉर्पेडोवाले असे एका घरात आले. नवऱ्याला मी हे मोठ्या ऐटीत सांगितलं. तो म्हणाला, "ठीक आहे, पण मूठ लहान मुलांच्या सायकलला असते." ते खरंच आहे, थोरल्याच्या पहिल्या गिअरच्या सायकलला तीच होती. पण कासेलजवळच्या फुल्डाटालमध्ये रोलोफ कंपनी १९९८पासून चौदा गिअरचा हब बनवते आणि तोही मूठ फिरवूनच चालतो. तो लावून लोक खंडं ओलांडतात. हे ऐकून तो गप्प बसला, पटलं म्हणून नव्हे, आइस्क्रीम आलं म्हणून.

बाजारचौकात फ्रीडरिश र्‍युकर्टचा पुतळा आहे. जन्म याच गावचा, १७८८चा, आणि पुढे पंधरा वर्षं आमच्या एर्लांगनला पौर्वात्य भाषांचा प्राध्यापक. संस्कृतातून त्याने नल-दमयंतीची कथा जर्मनमध्ये आणली. सायकलींच्या गावात नळराजा भेटेल असं वाटलं नव्हतं. मराठी घेऊन एम. ए. केलेल्या बाईला अशा वेळी पुतळ्याशी दोन शब्द बोलावेसे वाटतात, पण मुलांना शू लागली होती.

परत आल्यावर मी दोन्ही प्रकार माइलवाल्डमध्ये चालवून पाहिले. ट्रिगरवाली सायकल दुकानातून दिवसभरासाठी मिळाली. खरं सांगायचं तर गिअर बदलायला ती जास्त छान आहे. मूठ घट्ट धरलेली राहते, एक दाब, एक गिअर, चूक होत नाही. काही बनावटींत छोटी कळ तर्जनीनेही ओढता येते, त्यामुळे मला वाटलं, जमलं! पण मोठी कळ अंगठ्याचीच. आणि चढावर लागते ती नेमकी तीच, दर वळणाला, दर मुळापाशी. विसाव्या मिनिटाला कळ दाबली की कळ यायला लागली. मी उतरून सायकल ढकलत घरी आले आणि नवऱ्याला काही सांगितलं नाही. त्याने पट्टा बांधलेला पाहिला.

मूठवाली सायकल ओळखीच्या बाईंकडून मागून आणली. हिने अंगठ्याला हात लावला नाही म्हणायचा, पण हिचे गुण वेगळे. झाडांच्या मुळांवरून हिसके बसतात तेव्हा आपण हँडल जीव खाऊन आवळतो आणि आवळता आवळता मूठ फिरते. ऐन चढावर गिअर जड झाला आणि मी एका बीच वृक्षाला मिठी मारली. घामाने हात निसटतो, हातमोजे लागतात. एक सुख मात्र मोठं. समोर अचानक चढ आला की एका हिसक्यात चार-पाच गिअर खाली उतरता येतं.

हे सगळं मी बाबांना सांगत होते, तर ते मध्येच म्हणाले, "अगं, तू घट्ट धरतेस. यवतेश्वरच्या घाटात मी कधी मूठ आवळली का?" आणि मला ती डावी मूठ दिसली, १, ०, २, ३, ४ आकडे कोरलेली. मी पुढे उभी असायचे, आई मागे, दोघींच्या मध्ये कासला न्यायचा डबा. घाट लागला की बाबा क्लच दाबून मूठ आपल्याकडे फिरवत, खट्ट आवाज होई आणि चेतक कुरकुरत चढायला लागे. पंजा सैल, हलतं ते फक्त मनगट. मी शाळेत बारा वर्षं पोरांना पेन घट्ट धरू नका म्हणून सांगितलं, आणि स्वतः हँडलचा गळा आवळत होते.

तर ट्रिगरवाली सायकल घेतली आणि दुकानदाराकडून तिला मूठ बसवून घेतली. इथे एक सावधगिरी, कुणी करणार असाल तर. दर बनावटीची मूठ केबल वेगवेगळ्या मापाने ओढते, त्यामुळे ती मागच्या डिरेलरशी जुळणारीच घ्यावी लागते, नाहीतर गिअर मधेच लटकतात. शेजारचं रबरही आखूड घ्यावं लागतं. दुकानदाराने एकदा माझ्याकडे, एकदा नव्या कोऱ्या ट्रिगरकडे पाहिलं. मी अंगठा दाखवला. जर्मनीत त्याचा अर्थ वेगळा होतो हे नंतर लक्षात आलं.

सप्टेंबरमध्ये राट्सबर्ग चढले. दोनदा उतरले, एकदा गिअर आपोआप बदलला. पण अंगठा नुसता आडवा पडून होता, पाहुण्यासारखा. वर थोरला आधीच पोचून सफरचंद खात होता. मी तिथूनच बाबांना फोन लावला. त्यांनी नेहमीसारखा व्हिडिओ कॉलही कानालाच लावला, त्यामुळे मला त्यांचा कान आणि भिंतीवरचं कॅलेंडर दिसत होतं.

"आपल्याकडे फिरवली की पहिला ना?"

"हो बाबा. पण उजव्या हातात. आणि क्लच नाही, पायडल मारत मारतच बदलायचा."

"क्लच नाही?" हे त्यांना फारसं आवडलं नाही. "फिरव बघू."

थोरल्याने मागचं चाक उचलून पायडल फिरवलं, मी फोन हँडलजवळ धरून मूठ आपल्याकडे घेतली. खट, खट, खट.

"आवाज बारीक आहे," बाबा म्हणाले.