यजमान घरी असावा

आमच्या दापोलीच्या घराची किल्ली माझ्याकडे असते. वास्तविक त्या कुलपाला किल्लीची गरज नाही. जोराने ओढले की ते निघते. पण थोरला मुलगा म्हणून किल्ली बाळगण्याचा मान माझा. परवा पुतण्या आला नि म्हणाला, "काका, किल्ली राहू द्या. तेथे आकड्यांचे कुलूप बसवतो. घर एअरबीएनबीवर टाकू. पाहुणे येतील, आकडे दाबतील, राहतील, जातील. कौलांचा खर्च तरी निघेल."

कौलांचे म्हणणे खरे होते. गेल्या पावसाळ्यात शेजारच्या वहिनींनी कुलूप ओढून आमच्या माजघरात आपली दोन पातेली ठेवली होती. पण 'पाहुणे' हा शब्द माझ्या मनात रुतून बसला. यजमान पुण्यात आणि पाहुणे दापोलीत, हे कसले नाते?

मी दोन दिवसांची मुदत मागून या धंद्याची कुंडली वाचायला बसलो. आरंभ तर मोठा घरगुती! २००७ साली सॅन फ्रान्सिस्कोत दोन तरुणांना घरभाडे जड जात होते. गावात परिषद भरलेली, हॉटेलांत जागा नाही. त्यांनी घरात हवेच्या तीन गाद्या फुगवल्या आणि तीन परक्यांची झोपण्याची नि न्याहारीची सोय केली. गणपतीत आमच्या ओसरीवर याहून अधिक वळकट्या पसरत. पैसे तेवढे कोणी देत नसे!

पुढे मात्र गाद्या गेल्या आणि घरेच्या घरे आली. मालकाला भाडेकरूपेक्षा प्रवासी परवडू लागला, आणि राहती माणसे हळूहळू गावाबाहेर ढकलली जाऊ लागली. मग शहरे खडबडून जागी झाली. जून २०२४ मध्ये बार्सिलोनाच्या महापौरांनी जाहीर केले की, प्रवाशांना दिल्या जाणाऱ्या १०,१०१ घरांचे परवाने नोव्हेंबर २०२८ पर्यंत संपवायचे. पुढच्याच महिन्यात तेथल्या मोर्चेकऱ्यांनी प्रवाशांवर खेळण्यातल्या पिचकाऱ्यांनी पाणी उडवले. उन्हाळ्यातली ती रंगपंचमी काही प्रेमाची नव्हती.

धंद्यात चुरसही वाढली. मॅरियटसारखी हॉटेल कंपनी २०१९ पासून घरे देऊ लागली. घर हॉटेल होऊ पाहते, हॉटेल घर होऊ पाहते. गिऱ्हाइकाने फरक ओळखावा कशावरून?

उत्तर मला न्यूयॉर्कच्या कायद्यात सापडले. ५ सप्टेंबर २०२३ पासून तो कडकपणे अमलात आला. त्याआधी कंपनी कोर्टात गेली होती, पण दावा फेटाळला गेला. तीस दिवसांहून कमी मुदतीसाठी घर द्यायचे तर नोंदणी हवी, पाहुणे दोनच, आतल्या खोल्यांना कुलपे नकोत, आणि मुख्य म्हणजे यजमान त्याच घरात हजर हवा! यामुळे हॉटेलवाल्यांचे फावले असेल, हप्ते फेडणारा एखादा साधा घरमालकही अडचणीत आला असेल. तरी मला मौज वाटली. सरकारी रुक्ष भाषेत कोणीतरी आमच्या आईची ओसरीच लिहून काढली होती. पाहुणा किती वाजता येणार हे तिला ठाऊक नसे. तो आल्यावर ती घरात असे, एवढे नक्की.

पुतण्याला मी मोठ्या ऐटीत सांगितले, "घर द्यायला माझी हरकत नाही. पण यजमान घरी असावा."

तो हसला. "मग तुम्हीच चला ना, काका. तीन वर्षांत तुम्ही तेथे किती रात्री राहिलात?"

मी बोटे मोजू लागलो. एक हातही पुरा होईना. आकड्यांचे कुलूप मी नाकारले खरे, पण घराचा यजमान तर केव्हाच परागंदा झाला होता. खऱ्या यजमान शेजारच्या वहिनी; पातेली त्यांची!

यंदा दिवाळी दापोलीला आहे. कौले चाळायला माणूस सांगितला आहे. ओसरीलगतची एक खोली पाहुण्यांसाठी रीतसर नोंदवायची, आणि निदान थंडीचे चार महिने आम्ही दोघांनी तेथेच राहायचे, असे ठरले आहे. वहिनींची पातेली परत करायची आहेत. रिकामी कशी द्यायची, म्हणून बायकोने चकल्यांची भाजणी जरा जास्तच दळून आणली आहे.