जन्मघराची नोंद

पितृपक्षात आमच्या घरी आजोबांचे वडील म्हणून ज्यांचं नाव घेतलं जायचं, त्यांना आजोबांनी कधी पाहिलंच नव्हतं. १९१८च्या इन्फ्लुएंझाच्या साथीत ते सुरतेत वारले. मागे राहिलेल्या पणजीनं माहेरच्या नात्यातला एक मुलगा मांडीवर घेतला, तेच माझे आजोबा. नंदुरबारकडच्या एका खेड्यातून ताप्ती व्हॅली रेल्वेनं ते सुरतेला आले आणि दत्तविधानाच्या दिवशी त्यांचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गोत्र, सगळंच बदललं. मला लहानपणी यात काही निराळं वाटत नसे. बडोद्याचे महाराजसुद्धा दत्तकच, असं आजोबा अभिमानानं सांगायचे. मालेगावजवळच्या कवळाण्याचा गोपाळ २७ मे १८७५ रोजी महाराणी जमनाबाईंना दत्तक गेला आणि सयाजीराव झाला, ही गोष्ट मी आजोबांच्याच तोंडून ऐकली.

आजोबांचं जन्माचं आडनाव मात्र मला कळलं ते धाकट्या आत्याच्या लग्नाच्या खटपटीत. खानदेशातून एक चांगलं स्थळ आलं होतं. पत्रिका जुळत होती, माणसं भली होती. आजोबांनी पत्र वाचलं आणि एवढंच म्हणाले, “हे घर आपलंच आहे. इथे मुलगी देता यायची नाही.” दत्तक गेलेल्या मुलाचा जन्मघराच्या गोत्रावरचा आणि वाट्यावरचा हक्क सुटतो, पिंडदान तो नव्या घरच्या पितरांना करतो. पण जन्मघराशी सोयरीक करण्याचा निषेध त्याला कायमचा लागू राहतो. १९५६च्या दत्तक कायद्यानंही हा नियम तसाच ठेवला. शास्त्रानं बाकी सगळे दोर कापले, पण हा एक ठेवला. हा नियम पाळायचा तर जन्मघर कुठलं ते कुणीतरी ध्यानात ठेवावंच लागतं. आमच्या घरात ते आजोबांनी ठेवलं होतं, आणि ते गेल्यावर आत्यानं.

ऑगस्ट २००६मध्ये तापीचं पाणी सुरतेत शिरलं तेव्हा आमच्या नानपुऱ्यातल्या घराचा तळमजला बुडाला. जिन्याखालच्या पत्र्याच्या पेटीत घरातले जुने कागद होते. पाणी ओसरल्यावर त्यांचा लगदा हाती आला. पुढे दोन वर्षांत आत्या गेली, आणि आजोबा मुळात कोण होते हे सांगणारं माणूस आणि कागद, दोन्ही घरात उरले नाहीत. माझा शोध सुरू झाला तो तिथून.

दुय्यम निबंधकाच्या कचेरीत पुस्तक क्रमांक तीन असतं. मृत्युपत्रांबरोबरच दत्तक घेण्याच्या अधिकारपत्रांची नोंद त्यात होते. नवऱ्यानं पणजीला तसं अधिकारपत्र दिलं असेल, अशी माझी अटकळ होती. नोंद मिळाली नाही. कारण एका जुन्या वकिलांनी समजावलं. बंगालमध्ये विधवेला दत्तक घ्यायला नवऱ्याची परवानगी लागे. मुंबई इलाख्यात, म्हणजे महाराष्ट्रात आणि गुजरातेतही, नवऱ्यानं मनाई केलेली नसेल तर ती लागत नसे. मुंबई हायकोर्टानं १८६८मध्येच हे मान्य केलं होतं. पणजीला कुणाची परवानगी काढावी लागली नाही, म्हणून तिच्या नावाचा कागदही झाला नाही. दत्तकपत्र नोंदवण्याचीही सक्ती नव्हती. मुलगा दिला, घेतला, चार माणसांनी पाहिलं, की दत्तक पुरं. चारचौघांची आठवण हाच त्याचा दस्तऐवज.

मग मी जमिनीकडे वळलो. ओलपाड तालुक्यात आमची थोडी जमीन होती. गुजरात आणि महाराष्ट्र १९६०मध्ये वेगळे झाले, पण गावदप्तर दोघांचं इलाख्याच्या काळापासूनचं, त्यामुळे नमुना सहा म्हणजे फेरफाराची वही, हे दोन्हीकडे सारखंच. तिथे गुजरातीत तीन ओळींची नोंद सापडली: खातेदार मयत, विधवेनं दत्तक घेतलेला मुलगा अज्ञान, विधवा पालनकर्ती. त्या पानावर मी बराच वेळ बोट ठेवून उभा होतो. आजोबांचं नवं नाव होतं, सर्व्हे नंबर होता, आकार होता. जन्मदात्या आईबापांचं नाव नव्हतं. ते असण्याचं कारणच नव्हतं, कारण ती नोंद जमिनीची होती.

आईचं नाव मिळालं त्र्यंबकेश्वरला. तिथल्या तीर्थोपाध्यायांकडे गावावरून आणि आडनावावरून वह्या लावलेल्या असतात. यात्रेकरू येतो, आपल्या आधीच्या पिढ्यांचे लेख पाहतो आणि खाली आपला लेख लिहितो. आजोबांच्या जन्मदात्या वडिलांनी मोडीत लिहिलेला लेख गुरुजींनी मला वाचून दाखवला: भावांची नावं, बायकोचं नाव, चार मुलं, आणि तिसऱ्यापुढे ‘सुरतेस दत्तक दिला’. आपल्या घरातून उठून गेलेल्या मुलाला बापानं वहीतून वगळलं नव्हतं. देणाऱ्या आईचं नाव मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं.

सयाजीरावांच्या जन्मदात्या आईचं, उमाबाईंचं नाव चरित्रांत आहे, कारण मुलगा राजा झाला. ज्यांच्या घरी राज्य नव्हतं, त्यांच्यासाठी जमीन बोलते. जमीनही नसेल तर काहीच बोलत नाही. १९५६पर्यंत हिंदू कायद्यानं बहुधा मुलगेच दत्तक जात, त्यामुळे नात्यातल्या कुणी सांभाळून मोठ्या केलेल्या मुली तर कुठल्याच दप्तरात नाहीत. हे मला फार लागतं.

आता माझ्या पुतण्याच्या घरी संस्थेतून दत्तक आलेली मुलगी आहे. २०२२च्या दत्तक नियमावलीप्रमाणे ती अठरा वर्षांची झाल्यावर स्वतः आपल्या मुळाचा शोध मागू शकेल, त्याआधी आईवडिलांबरोबर. जन्मदात्या आईची गोपनीयता मोडून मात्र काही सांगितलं जाणार नाही, आणि ते योग्यच आहे. तिच्या हाती काय लागेल, ते आज सांगता येत नाही. पण ती फाइल जमिनीसाठी उघडलेली नाही, तिच्यासाठी उघडलेली आहे. नात्यातल्या नात्यात १९५६च्या कायद्यानं होणाऱ्या दत्तकांना अशी फाइल नसते. तिथे लिहिणं घरच्यांनाच करावं लागतं. आमची वंशावळ मी नव्यानं मांडली तेव्हा आजोबांपुढे दोन्ही घरं लिहिली आणि दोन्ही आयांची नावं लिहिली. मालमत्तेच्या कागदांत माणूस सापडायला नशीब लागतं. आपल्या मुलांचं जन्मघर आपण नशिबावर सोडू नये.