अग्निविद्या

नातवानें कॅलिफोर्नियांतील कम्युनिटी कॉलेजांत अग्निशास्त्राची दोन वर्षांची असोसिएट पदवी घेण्याचें ठरविलें, तेव्हां घरांतील मंडळींनीं कपाळास हात लावला. पण ज्या घरीं पिढ्यान् पिढ्या अग्निहोत्र राखलें, तेथें अग्नि विझविण्याची विद्या हीन कां मानावी? इंधन, उष्णता व प्राणवायु यांपैकीं एक तोडलें कीं अग्नि शमतो, हें तिचें आद्य सूत्र. तेवढ्यानें मात्र भागत नाहीं. २०१८ सालीं तेथील पॅराडाइज गांव व आसपासचा मुलूख जळून ८५ माणसें दगावलीं. ठिणगी विजेच्या तारेची, पण रान वाळलेलें व वारा सोसाट्याचा. म्हणून पर्यावरणशास्त्रहि तो शिकणार आहे. रान आधींच बेतानें जाळलें तर पुढचा वणवा आवरतां येतो, असें त्यानें लिहिलें. तें पत्र मीं सूनबाईस वाचून दाखविलें. “पण त्या वणव्यापुढें उभें कोण राहणार, मामंजी?” एवढेंच ती म्हणाली.