हशाची घाई

गाणे पुन्हा पुन्हा ऐकले की ते आपले होत जाते. विनोद पुन्हा पुन्हा ऐकला की शिळा होतो. म्हणून गायकाला लोकप्रियता मिळाली म्हणजे लोक त्याच्याकडे जुनीच चीज मागतात आणि ती देण्यात त्याला कमीपणा वाटत नाही. विनोद सांगणाऱ्याचे तसे नाही. त्याचे हत्यार म्हणजे अनपेक्षितता, आणि प्रसिद्धी पहिला घाला घालते तो नेमका तिच्यावरच. स्टँड-अप कॉमेडीविषयी बोलताना रिकाम्या खुर्च्या, उपहास, परतीच्या गाडीभाड्याची भ्रांत अशा उमेदवारीच्या कहाण्याच बहुधा सांगितल्या जातात. यश मिळाल्यावर या माणसाचे काय होते, हा प्रश्न मात्र श्रीमंताच्या अजीर्णासारखा वाटतो. त्याची विचारपूस कोणी करीत नाही. आम्हांला तो प्रश्न पडला एका पुस्तकामुळे, आणि जिव्हारी लागला तो एका माजी विद्यार्थ्यामुळे.

पुस्तक म्हणजे अमेरिकन विनोदकार स्टीव्ह मार्टिन याचे २००७ साली प्रसिद्ध झालेले आत्मकथन, 'बॉर्न स्टँडिंग अप'. आपल्याकडे मार्टिन ठाऊक आहे तो 'फादर ऑफ द ब्राइड'सारख्या चित्रपटांतला पांढऱ्या केसांचा, गोंधळलेला बाप म्हणून. त्याआधी हा माणूस अठरा वर्षे एकट्याने रंगमंचावर उभा होता. त्या अठरा वर्षांचा हिशेब त्याने स्वतःच मांडला आहे: दहा वर्षे शिकण्यात गेली, चार वर्षे घासूनपुसून घेण्यात गेली आणि उरलेली चार अफाट यशाची. आम्हांला या हिशेबातले प्रमाण विलक्षण वाटते. चौदा वर्षांची पेरणी, चार वर्षांचे पीक. आणि त्यानंतर त्याने शेतच सोडून दिले.

१९५५ साली कॅलिफोर्नियात डिस्नेलँड सुरू झाले, तेव्हा दहा वर्षांचा मार्टिन तेथे मार्गदर्शिका विकू लागला. पुढे तेथल्याच जादूच्या दुकानात गिऱ्हाइकांना हातचलाखी करून दाखवणे हे त्याचे काम झाले. नंतर नॉट्स बेरी फार्म या करमणूक उद्यानातल्या छोट्या नाटकघरात दिवसाला अनेक खेळ. त्याला सराव मिळाला तो असा, मजुरीसारखा. महाविद्यालयात त्याने तत्त्वज्ञान घेतले, आणि विनोदाच्या रूढ रचनेविषयी त्याला शंका येऊ लागली. विनोदकार ताण निर्माण करतो, अखेरच्या वाक्याने तो सोडवतो आणि लोक हसतात. पण कित्येकदा ते हसू म्हणजे 'येथे हसायचे असते' या संकेताला दिलेला नुसता प्रतिसाद असतो. अखेरचे वाक्य दिलेच नाही तर? ताण वाढतच राहिला तर प्रेक्षक कोठेतरी, स्वतः निवडलेल्या जागी, हसेलच. आणि ते हसू खरोखर त्याचे असेल. मार्टिनचा सगळा पुढचा खेळ या तर्कावर उभा आहे.

हा तर्क सिद्ध करण्यासाठी त्याला लोकांच्या शांततेतून जावे लागले. दूरचित्रवाणीसाठी लेखन करून १९६९ साली एमी पुरस्काराचा वाटेकरी झालेला हा माणूस ती बऱ्या पैशांची नोकरी सोडून पुन्हा लहानसहान जागी उभा राहू लागला. त्या काळातला एक प्रसंग आम्हां अध्यापकांना विशेष जवळचा वाटतो. नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात शंभरेक विद्यार्थ्यांपुढे, एका वर्गवजा खोलीत त्याचा खेळ होता. मंचाला विंगा नव्हत्या. बाहेर जायचे तर प्रेक्षकांतूनच. खेळ संपला, तो सामान आवरू लागला, तरी कोणी उठेना. संपले म्हणून सांगितले, तरी उठेनात. तेव्हा तो बोलत बोलतच त्यांच्यामधून बाहेर पडला आणि सगळा वर्ग त्याच्या मागोमाग आवारात आला. वाटेत एक कोरडा पोहण्याचा तलाव लागला. त्याने सर्वांना त्यात उतरवले आणि स्वतः त्यांच्या डोक्यांवरून पोहत गेला! पुढे काय होणार हे त्या रात्री विद्यार्थ्यांना ठाऊक नव्हते, आणि त्यालाही नव्हते. आमच्या मते त्याच्या कलेचा तो सर्वांत श्रीमंत क्षण. पैसे अर्थातच फारसे मिळाले नसावेत.

पैसे नंतर मिळाले. १९७६ साली 'सॅटर्डे नाइट लाइव्ह' या कार्यक्रमात तो झळकला, पुढच्या दोन वर्षांत आलेल्या त्याच्या ध्वनिमुद्रिकांना ग्रॅमी मिळाल्या, आणि हजारो माणसे मावतील अशा क्रीडागृहांत त्याचे खेळ होऊ लागले. दूरच्या रांगेतूनही आपण दिसावे म्हणून तो पांढरा सूट घालू लागला. हा तपशील आम्हांला फार बोलका वाटतो. ज्याची कला भुवईच्या हालचालीत, बोटांच्या चाळ्यात, अर्ध्या सेकंदाच्या विरामात होती, त्याला आता नुसते दिसण्याचीच तजवीज करावी लागत होती. लोक त्याची गाजलेली वाक्ये त्याच्याआधीच ओरडत. ज्याने अपेक्षित हशाविरुद्ध बंड केले, त्याच्यापुढे आता हशा विनोदाची वाट न पाहताच येऊन बसू लागला होता. प्रयोग करणारा विनोदकार जाऊन आपण मेजवानीचे यजमान झालो आहोत, हे त्याने ओळखले. १९८१ साली तो स्टँड-अपमधून बाहेर पडला. पुढे अनेक वर्षांनी मार्टिन शॉर्ट या मित्राबरोबर तो रंगमंचावर परतला खरा, पण ती जोडगोळी होती; तो जुना एकटा खेळ नव्हे.

आता आमच्या विद्यार्थ्याविषयी. वर्गात असताना तो शेवटच्या बाकावर बसे आणि कमी बोले. पण बोलला की मागच्या दोन रांगा हलत. पुढे पुण्यात एका विमा कंपनीत नोकरीला लागला आणि शनिवार-रविवार मराठी स्टँड-अपच्या ओपन माइकना जाऊ लागला. चार वर्षे कोणी फारसे ओळखत नव्हते. मग लग्नातल्या मानपानावरचा त्याचा सहा मिनिटांचा तुकडा मोबाइलवरून घरोघरी पोहोचला. कंपन्यांच्या वार्षिक समारंभांची बोलावणी आली, पोस्टरवर त्याचा चेहरा मोठा झाला. नोकरी सोडावी की नाही, हे विचारायला तो आमच्याकडे आला, असे आम्ही समजलो. त्याचे दुखणे निराळेच होते.

"सर, मी मंचावर येतो आणि लोक हसायला लागतात. अजून काही बोललोच नसतो. नवीन काही सुरू केलं की मागून 'मानपान, मानपान' असं ओरडतात. ते म्हटलं की टाळ्या. मला आता कळतच नाही, माझं कुठलं वाक्य चांगलं आणि कुठलं वाईट. आधी न हसून सांगायचे ना लोक!"

त्याचे ते शेवटचे वाक्य ऐकून आम्ही सावध झालो. वीसेक वर्षे वर्गात उभे राहिल्यामुळे त्याचा अर्थ आम्हांला समजावून घ्यावा लागला नाही. आमच्याही काही कोट्या वरच्या वर्गाकडून खालच्या वर्गाकडे पोहोचलेल्या असतात. ती जागा जवळ आली की मुले आधीच गालांत हसू लागतात. त्या दिवशी आपण नीट शिकवले की नाही, हे त्या हशावरून मुळीच कळत नाही. कळते ते इतर जागी पडलेल्या शांततेवरून. विनोदकाराची गोष्ट याहून बिकट. आमच्यापाशी परीक्षेच्या उत्तरपत्रिका तरी असतात. त्याच्यापाशी लोकांच्या मौनावाचून दुसरा परीक्षक नाही. यश त्या परीक्षकालाच लाच देऊन मोकळे होते.

यावर उपाय काय? आपल्या एकपात्री परंपरेत एक उत्तर आहे. लक्ष्मण देशपांडे यांनी 'वऱ्हाड निघालंय लंडनला'मध्ये एकट्याने बावन्न व्यक्तिरेखा उभ्या केल्या आणि तोच खेळ वर्षानुवर्षे केला. लोकांना पुढचे वाक्य पाठ असे, तरी ते येत. कारण तेथे हसू वाक्याच्या अनपेक्षिततेत नव्हते, माणसाच्या ओळखीत होते. पु. ल. देशपांड्यांच्या 'बटाट्याच्या चाळी'तले रहिवासीही असेच. ओळखीचा माणूस पुन्हा भेटला म्हणून कोणी तक्रार करीत नाही. पण स्टँड-अपवाला स्वतःच्याच नावाने, स्वतःच्याच कपड्यांत उभा असतो. त्याला पात्राची ओसरी नाही. त्याचे मत शिळे झाले की तोच शिळा होतो. म्हणून आम्ही विद्यार्थ्याला वऱ्हाडाचा दाखला दिला नाही.

दिला तो जेरी साइनफेल्डचा. १९९८ साली त्याची दूरचित्रवाणी मालिका कीर्तीच्या शिखरावर असताना संपली. त्याच वर्षी त्याने आपले जुने सगळे विनोद अखेरचे म्हणून सादर केले, त्यांना जाहीर निरोप दिला आणि कोऱ्या पाटीने पुन्हा न्यूयॉर्कच्या छोट्या क्लबांत जाऊ लागला. २००२ सालच्या 'कॉमेडियन' या माहितीपटात ते सारे दिसते. अमेरिकेतला बहुधा सर्वांत श्रीमंत विनोदकार मंचावर मध्येच अडखळतो आणि पुढचे आठवत नाही म्हणून कागद चाळतो. ते पाहताना करुणा वाटत नाही, आदर वाटतो. मार्टिनने यशापुढून काढता पाय घेतला. साइनफेल्ड यशाला पाठीशी टाकून पुन्हा खालच्या इयत्तेत जाऊन बसला. दोघांनाही एक गोष्ट पक्की कळली होती: गर्दी वाढली म्हणजे कान वाढले असे नाही.

विद्यार्थ्याने ऐकून घेतले. "पण सर, ती सहा मिनिटं सोडली तर हातात काय राहिलं? घरी हप्ते आहेत," असे तो म्हणाला, आणि त्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते. कलेचे तत्त्वज्ञान सांगणारे आम्ही महिन्याच्या महिन्याला पगार घेणारे. त्याचे हप्ते आम्ही फेडणार नव्हतो. म्हणून राजीनाम्याविषयी आम्ही काही बोललो नाही. समारंभांतून मानपान म्हणत राहा, फक्त महिन्यातून एकदा पोस्टरवर नाव न टाकता कोठेतरी उभा राहा, एवढेच सुचवले.

दीड महिन्याने नाशिकहून फोन आला. एका कॅफेच्या वरच्या मजल्यावर तेवीस माणसे होती. त्यांतले कोणी त्याला ओळखले नाही. एकाने ओळखले, पण तो भिडस्त निघाला. आईच्या रुग्णालयातल्या दिवसांवर त्याने पंधरा मिनिटे काही नवे केले.

"दोनदाच हसले, सर," तो सांगत होता, आणि आवाज बऱ्याच दिवसांनी ताजा वाटत होता. "पण कुठे हसले ते कळलं. आणि कुठे गप्प बसले तेही."

राजीनामा त्याने अजून दिलेला नाही. त्या पंधरा मिनिटांतली अकरा त्याने टाकून दिली आहेत, असे परवा कळले.