चार खुर्च्यांचं टेबल

मुंबईत माणसं एकमेकांना "घरी ये" असं सहसा म्हणत नाहीत, "भेटू या कुठंतरी" असं म्हणतात. गावाकडून नव्यानं आलेल्याला हे ऐकून वाईट वाटतं. किती कोरडी ही माणसं! पण डोंबिवलीच्या मैत्रिणीनं वसईच्या मैत्रिणीला घरी बोलवायचं म्हणजे काय, याचा हिशेब एकदा मांडून पाहावा. दादरला गाडी बदलायची, गर्दीत उभं राहायचं, पोचेपर्यंत निम्मी दुपार संपलेली. एक खोली आणि स्वयंपाकघर. तिथं अभ्यासाला बसलेली मुलं, टीव्हीपुढं सासरे, आणि पाहुणी आली म्हणून ओट्याशी अडकलेली ती मैत्रीण स्वतः. पोहे होतात, चहा होतो, सासूबाईंशी चार शब्द होतात. जे बोलायचं म्हणून एवढी यातायात केली, तेवढं मात्र राहून जातं.

म्हणून मुंबईकर हॉटेलात भेटतो. मराठी माणसाच्या तोंडी हॉटेल म्हणजे मुक्कामाची जागा नव्हे. जिथं चहा मिळतो, सोबत खायला काहीतरी मिळतं आणि टेकायला खुर्ची मिळते, ते हॉटेल. मोठ्या शहरातल्या कितीतरी मैत्र्या अशा भाड्याच्या खुर्च्यांवर वाढल्या आहेत. हे भाडं कुणाला परवडतं आणि कुणाला नाही, यावर त्यातल्या काही मोडल्याही आहेत.

अशाच एका टेबलाची ही गोष्ट. १९९२ साली दक्षिण मुंबईतल्या नोकरदार मुलींच्या एका वसतिगृहात चौघीजणी एकाच मजल्यावर राहायला आल्या. तिथं मुलींना नावापेक्षा गावानंच हाक मारायची पद्धत. सांगली बँकेत होती, नागपूर विमा कंपनीत, रत्नागिरी शाळेत शिकवायची, तर धारवाड फोर्टमधल्या एका खासगी कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होती. आज चौघी आपापल्या घरी आई, सासू, कुणाच्या आत्या आहेत. एकमेकींसाठी मात्र त्या अजून सांगली, नागपूर, रत्नागिरी आणि धारवाडच आहेत.

महिन्याचा पहिला शनिवार ठरला. पगार नुकताच हातात आलेला असायचा. बँकांना तेव्हा शनिवारी अर्धा दिवस असे. (दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारची पूर्ण सुटी २०१५ मध्ये सुरू झाली.) रत्नागिरीची शाळा सकाळची. दुपारी दोनला धोबीतलावला, मेट्रो सिनेमाच्या समोर भेटायचं. जायचं इराण्याकडे. कधी १९०४ पासून चालू असलेल्या कयानीत, कधी जवळच्या बस्तानीत.

पहिल्या दिवशी इराण्याच्या दारात रत्नागिरीचे पाय अडखळले होते. गावात मुलगी हॉटेलात बसते ती वडिलांबरोबर, लग्नाच्या खरेदीला बाहेर पडलेल्या घोळक्याबरोबर, किंवा एसटी चुकली म्हणून. चार मुलींनी आपण होऊन आत शिरायचं, खुर्च्या ओढायच्या, वेटरला हाक मारायची, हे तिच्या घरी कुणी पाहिलं असतं तर? सांगलीनं तिचा हात धरून तिला आत नेलं. "काय घेणार?" वेटरनं विचारलं, तेव्हा रत्नागिरीनं सवयीनं इकडंतिकडं पाहिलं. तिच्या वतीनं सांगणारं कुणी नव्हतं. "चहा... आणि ब्रून मस्का," ती म्हणाली. शेजारच्या टेबलावरचं ऐकून म्हणाली होती. ब्रून हा शब्द तिनं त्या क्षणापर्यंत ऐकलेलाही नव्हता. तो कडक पाव चहात बुडवून खायचा असतो, हेही तिला माहीत नव्हतं. कोरडाच चावून खाल्ला. त्या दिवशी टाळूला लागलेलं त्याचं कवच तिला आजही आठवतं.

विवाहित, अविवाहित, नोकरी करणाऱ्या, न करणाऱ्या, सगळ्याच बायकांना विचारून पाहावं. स्वतःच्या पैशानं, स्वतःच्या मर्जीनं, पहिल्यांदा काय मागवलं? बहुतेकींना तो पदार्थ आठवतो.

इराण्याचं एक बरं होतं. संगमरवरी टेबलं, वाकवलेल्या लाकडाच्या खुर्च्या, बरण्यांतली बिस्किटं, आणि भिंतीवर गिऱ्हाइकांना सूचना देणाऱ्या पाट्या. बस्तानीतल्या अशा सूचनांवर कवी निस्सीम इझिकेल यांनी इंग्रजीत एक कविताच केली. पाट्या कितीही कडक असल्या तरी चहाचा कप रिकामा झाला म्हणून लगेच कुणी उठवायला येत नसे. उडुप्याचं गणित वेगळं. तिथं कॉफीचा शेवटचा घोट घेईस्तोवर बिल टेबलावर येतं आणि मागं उभं असलेलं कुटुंब आपल्या खुर्चीकडं डोळे लावून असतं. त्यात त्याचं काही चुकत नाही. कमी नफ्यात पोटभर खायला घालायचं तर टेबल दिवसभर फिरतंच राहायला हवं. पण नुसता चहा घेऊन तासभर रडायचं असेल, तर इराणीच हवा. नागपूरचं ठरलेलं लग्न मोडलं तेव्हा ती अशीच एका कोपऱ्यात बसली होती. वेटर दोनदा येऊन पाण्याचे ग्लास भरून गेला, एका शब्दानं बोलला नाही.

धारवाडनं या टेबलाला 'बाय-टू' शिकवलं. कर्नाटकात एक कॉफी दोन कपांत मागवायला कुणी लाजत नाही. सुरुवातीला महिनाअखेरीला भेट पडली की हेच चालायचं. बिल आलं की टीटीएमएम. तुझं तू, माझं मी. सुटे पैसे टेबलावर मोजले जायचे आणि कुणाचे आठ आणे कमी पडले तर पुढल्या महिन्यात आठवणीनं परत यायचे.

लग्नं झाली, वसतिगृह सुटलं, पत्ते ठाणे, बोरिवली, चेंबूर असे पांगले. नागपूरची १९९८ मध्ये कलकत्त्याला बदली झाली. तिकडून तिची लांबलचक पत्रं यायची आणि त्यांत ऑफिसपेक्षा कॉलेज स्ट्रीटच्या कॉफी हाऊसचंच वर्णन जास्त. उंच छत, तुरेवाला फेटा घातलेले वेटर, खाली जुन्या पुस्तकांची दुकानं, आणि एका काळ्या कॉफीवर, तिथं तिला 'इन्फ्युजन' म्हणतात, दुपारभर भांडणारी बंगाली मंडळी. 'इथं आपल्यापेक्षा वाईट परिस्थिती आहे,' तिनं लिहिलं होतं, 'आपण निदान चारला उठायचो!' कॉफी बोर्डानं पन्नाशीच्या दशकात आपली कॉफी हाउसं बंद करायला घेतली, तेव्हा ए. के. गोपालन यांच्यासारख्या नेत्यांच्या मदतीनं कामगारांनीच सहकारी संस्था काढून देशभरात ती पुन्हा उभी केली. कॉलेज स्ट्रीटचं कॉफी हाऊसही असंच टिकलं. मन्ना डे यांनी १९८३ मध्ये याच कॉफी हाऊसवर एक गाणं गायलं. कधी काळी एका टेबलाशी बसणारे सात मित्र आता कुठं कुठं आहेत, याची ती कहाणी. नागपूरला बंगाली फारसं येत नव्हतं. ते गाणं मात्र तिनं शेजारणीकडून शब्दाशब्दाचा अर्थ विचारून घेतलं.

मुंबईत उरलेल्या तिघींचं टेबल मात्र तोवर बदललं होतं. धारवाड आपल्या हिमतीवर पुढं गेली. कंपनीनं तिला प्रशासन विभागात घेतलं, मग बढत्या मिळत गेल्या. सांगलीचंही बरं चाललं होतं. शहरात नवनवी रेस्तराँ उघडत होती, थंडगार, मंद उजेडाची. "कधीतरी जाऊ या ना," असं म्हणता म्हणता तीच सवय झाली. तिथं टीटीएमएम कसं करणार? कुणी काय खाल्लं हे मोजत बसणं त्या उजेडात शोभत नाही. बिल आलं की तीन सारखे वाटे, कॉन्ट्री काढायची आणि उठायचं.

रत्नागिरी फक्त सूप घ्यायची. "अगं, पोट बरं नाही." आणि बिलाचा तिसरा वाटा द्यायची.

तिच्या नवऱ्याचा ठाण्यातला कारखाना बंद पडला होता. हे तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. ज्या टेबलावर तिनं मोडलेल्या लग्नाचं रडणं ऐकलं, बाळंतपणांची भीती ऐकली, त्या टेबलावर तिला पैशांचं सांगता आलं नाही. बायका नवऱ्याच्या तक्रारी सांगतात, सासूच्या तर सांगतातच, पण घरात पैसे नाहीत हे सांगताना जीभ अडते. मग पाहुणे येऊ लागले, पेपर तपासायला येऊ लागले, सासूबाईंचे गुडघे दुखू लागले. लागोपाठ चार पहिले शनिवार ती आली नाही. धारवाड तर चिडलीच. "तिला आता आपली गरज नाही," म्हणाली.

सांगलीच्या मनात मात्र एक गोष्ट रेंगाळत होती. शेवटच्या भेटीत रत्नागिरीनं पर्समधून एक पाकीट काढलं होतं, त्यातल्या नोटा बिलाच्या पुठ्ठ्यात ठेवल्या होत्या. पाकिटावर पेननं लिहिलेलं होतं 'लाइट'. आयुष्यभर लोकांचे पैसे मोजणाऱ्या बाईला हे उशिरा कळावं! पण कळलं. तिनं रत्नागिरीला काही विचारलं नाही आणि पैसेही देऊ केले नाहीत. ते तिनं कधीच घेतले नसते. धारवाडला मात्र स्वच्छ शब्दांत सांगितलं आणि रत्नागिरीला फोन केला. "या वेळी माटुंग्याला. मला केळीच्या पानावर जेवायचंय. ये मुकाट्यानं."

माटुंगा स्टेशनलगत रामा नायक यांचं उडुपी श्रीकृष्ण बोर्डिंग १९४२ पासून आहे. तिथं पान मांडलं की सगळ्यांना भात, रसम, सांबार, भाज्या, ताक सारखंच. ताटाचा दर ठरलेला, भिंतीवर लिहिलेला. कुणी सूप घेऊन बसायचा प्रश्न येत नाही, कुणाला बिलाकडं चोरून पाहावं लागत नाही. रत्नागिरी तीनदा भात घेऊन जेवली. रसम पानावरून ओघळू न देता खाण्याची परीक्षा द्यावी लागते. त्यात हसायला झालं, आणि हात धुताना तिनं आपणहून कारखान्याचं सांगितलं. धारवाड फक्त "मूर्ख आहेस तू" एवढंच म्हणाली आणि तिच्यासाठी टॉवेल धरून उभी राहिली.

तेव्हापासून एक नियम झाला. जागा निवडायची पाळी ठरलेली, आणि जिची पाळी तिच्या खिशाला झेपेल तीच जागा. धारवाडच्या पाळीला मजा, पण बिल तिचं एकटीचं. रत्नागिरीच्या पाळीला अनेकदा किंग्ज सर्कलचं कॅफे मद्रास. रविवारी तिथं दारात नाव लिहून ताटकळावं लागतं म्हणून शनिवारच.

जागा मात्र एकेक करून गेल्या. बस्तानी २००४ मध्ये बंद झालं. जहांगीर आर्ट गॅलरीतलं सामोवार, जिथं एका पुदिना चहावर चित्रकारांची दुपार निघायची, ते पन्नासेक वर्षं चालून २०१५ च्या मार्चमध्ये मिटलं. मार्च २०२० मध्ये तर सगळ्याच हॉटेलांच्या खुर्च्या टेबलांवर उलट्या चढल्या. ५ ऑक्टोबरला महाराष्ट्रात निम्म्या आसनांवर हॉटेलं उघडली, तेव्हा निवृत्तीच्या वाटेवर कलकत्त्याहून परतलेली नागपूर म्हणाली, "लस येऊ दे, मग बघू." बाकीच्यांनी ऐकलं. पहिले शनिवार व्हिडिओ कॉलवर झाले, प्रत्येकीच्या पुढ्यात आपापल्या घरचा चहा. "यात बिल नाही एवढंच बरं," धारवाड म्हणायची.

आता गुडघे रत्नागिरीचे दुखतात, आणि या वेळी ते खरंच दुखतात. त्यामुळं माळ्यावरचं टेबल नको, जिना नको, अशी अट असते. तिची मुलगी बंगळूरला नोकरी करते. फोनवर मागवलं की जेवण दाराशी येतं, पण गप्पा मारायला कुणी नाही, अशी तिची पहिल्या वर्षी कुरकुर होती. रत्नागिरीनं उपदेश केला नाही. "तुमच्याकडं ते लालबाग रोडचं एमटीआर आहे ना, १९२४ सालचं?" एवढंच विचारलं. गेल्या महिन्यात मुलीचा फोन आला. ऑफिसातल्या दोघींबरोबर ती रविवारी सकाळी रवा इडली खायला जाते. टेबल मिळायला बराच वेळ लागतो.

"मग तोवर काय करता?" रत्नागिरीनं विचारलं.

"बोलत बसतो ना," मुलगी म्हणाली. "आणि आई, बिल आम्ही टीटीएमएम करतो. तिघींतली एक अजून प्रोबेशनवर आहे."